चढावर हात टेकू नये

माझ्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी दादाचा डावा पाय गेला. जुळी एप्रिलमध्ये आली, पाय ऑगस्टमध्ये गेला. आमच्या घरात त्या वर्षाला अजून 'जुळ्यांचं वर्ष' म्हणतात. 'पायाचं वर्ष' कुणी म्हणत नाही. का म्हणत नाही, तेच सांगते.

दादा माझा थोरला भाऊ. सव्वीस वर्षं त्याने काचांचा ट्रक चालवला. खिडक्यांच्या, दुकानांच्या मोठमोठ्या काचा गवतात उभ्या रचून डोंगरापलीकडे पोचवायच्या. एवढ्या वर्षांत त्याच्या गाडीत एक काच तडकली नाही. मग बुटाच्या तळातून खिळा आत गेला, जखम चिघळली, आणि डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वरून काढला.

दवाखान्यातून आल्यावर दादा खिडकीपाशी बसू लागला. सुरुवातीला रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकून बोलायचा तरी. "दुसरा उशिरा टाकला गाढवाने." "अरे, क्लच जाळतोस का मेल्या!" वहिनी स्वयंपाकघरातून हसायची. पुढे तेही थांबलं. गाड्या जात राहायच्या आणि दादा भिंतीकडे बघत बसायचा.

"वन्सं," वहिनी मला म्हणाली, "हे शिव्या देत होते ना, तेव्हा बरं होतं हो."

त्यात परवान्याच्या कचेरीतून पत्र आलं. तीन महिन्यांत परवाना जमा करा, नाहीतर येऊन परीक्षा द्या. आम्ही दोघं गेलो. तिथला तपासनीस गोरटेला, चष्मेवाला, पेनाचं टोपण चावणारा माणूस होता.

"क्लच कशाने दाबणार?" त्याने विचारलं.

दादाने आपल्या उजव्या पायाकडे बघितलं.

"उजव्या पायाने दाबाल, तर ब्रेक कशाने? काठीने?"

"साहेब, टोमणे नका मारू," मी म्हटलं.

"टोमणा नाही बाई, प्रश्न आहे. क्लचचं पेडल नसलेली गाडी आणा. मी परीक्षा घेतो."

तशी गाडी त्या काळी आमच्या गावात कुणी पाहिली नव्हती. मिस्त्रीने मात्र पाहिली होती.

मिस्त्रीचं गॅरेज आणि माझं दुकान यांच्यात एकच भिंत. तो जुन्या मोटारी दुरुस्त करायचा. मी त्यांच्या सीटा, दाराचे पत्रे झाकणारी कापडं आणि छताचं अस्तर शिवायची. दादा आणि तो लहानपणापासूनचे दोस्त. मी कचेरीतली गोष्ट सांगितली, तसा तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "घड्याळजीची गाडी!"

घड्याळजी वारून अठरा वर्षं झाली होती. त्याची गाडी घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. घड्याळजीची बायको म्हणाली, "चालती करा आणि घेऊन जा बाबांनो. मला तिथे कोंबड्या ठेवायच्यात."

गाडी ढकलत गॅरेजमध्ये आणली. दादाला कुबड्यांवर तिथवर नेलं. त्याने दार उघडून खाली बघितलं. एक ब्रेक, एक ॲक्सिलरेटर. डावीकडे काहीच नाही.

"हिचाही डावा पाय नाही," दादा म्हणाला. कित्येक दिवसांत तो पहिल्यांदा आपणहून बोलला होता. त्याने तिचं नाव 'लंगडी' ठेवलं.

लंगडीची करामत मिस्त्रीने मला समजावली, ती अशी. इंजिन हवा ओढतं. त्या ओढीवर एक पत्र्याचा डबा जोडलेला, डब्यात रबरी कापडाचा पडदा. ओढ लागली की पडदा मागे सरकतो आणि क्लच सोडवतो. माणसाचा पाय जे करतो, ते इथे हवा करते. मध्ये एक विजेची झडप. गियरची दांडी हलली की आत तार जुळते, झडप उघडते, क्लच सुटतो. गियर पडला की तार तुटते, झडप मिटते, क्लच पुन्हा धरतो.

"म्हणजे दांडी सांगते, हवा ऐकते," मी म्हटलं.

"आणि ड्रायव्हर आरामात बसतो. पण पडदा पार कुजलाय, आणि असला पडदा आता कुठे मिळायचा नाही."

मी पडदा बघितला. रबर चढवलेलं कापड, मध्ये भोक, कडेला बारा छिद्रं. माझ्याकडे जुन्या मोटारीच्या दुमडत्या छताचं तसलंच कापड शिल्लक होतं. मी कागदावर साचा काढला, तिरक्या धाग्यावर कापला, म्हणजे ताणला तरी फाटायचा नाही, आणि कडेला दुहेरी घडी घातली. पहिला पडदा गळला. दुसरा बसला. मिस्त्रीने इंजिन चालू करून दांडी हलवली, तसा डबा 'फुस्स' करून आत गेला. आम्ही तिघं वेड्यासारखे हसलो.

मग मी आतलं सडकं अस्तर काढायला घेतलं. डॅशबोर्डवरच्या कापडाची घडी उसवली, तर तिच्याखाली दोन स्क्रूंनी बसवलेली एक पितळी पट्टी निघाली. तिच्यावर कोरीव अक्षरं होती. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि अक्षरं शिकून मला सातच महिने झाले होते. लेक बाळंतपणाला आली, तेव्हा एका मांडीवर एक जुळं, दुसऱ्या मांडीवर दुसरं आणि समोर मी, असे तिघांना ती एकदम वाढवत होती. मी पट्टीवर बोट ठेवून 'च', 'ढा' असं लावतेय, तोवर मिस्त्रीने माझ्या खांद्यावरून वाचूनही टाकलं.

"चढावर हात टेकू नये. वा! काय लिहून गेलाय घड्याळजी! म्हणजे वाट कठीण आली तरी माणसाने हार मानू नये."

दादाने पट्टीवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाला, "सुईबाई, ही झाकू नकोस. घासून, पुसून समोर लाव."

मी राखेने घासली. पट्टी सोन्यासारखी झाली. स्टिअरिंगच्या वर, बरोबर त्याच्या नजरेसमोर लावली.

परीक्षेच्या दिवशी तपासनीस शेजारी बसला. मदतनीस म्हणून मला मागे बसू दिलं. गल्ल्या, वळणं, मागे घेणं, सगळं लोण्यासारखं झालं. मग पाण्याच्या टाकीकडचा चढ आला. निम्म्यावर थांबायचं, पुन्हा निघायचं आणि माथ्यावर जायचं. दादा थांबला, निघाला, दुसरा गियर टाकला. दहा-बारा पावलं गेलो असू, तोच इंजिन एकाएकी बोंबललं, गाडीतली ओढच गेली आणि लंगडी मागे घसरू लागली. दादाने ब्रेक दाबला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

तपासनीसाने टोपण चावलं. "गाडी सोडते, की तुम्ही सोडता?"

"गाडी, साहेब."

"एक महिना देतो. पुढच्या वेळी चढ चढला नाही, तर परवाना कायमचा इथे राहील."

मिस्त्रीने त्याच संध्याकाळी झडप खोलली. साफ केली, बसवली, स्वतः गाडी घेऊन चढावर गेला. सरळ माथ्यावर! परत येऊन दादाला बसवलं. निम्म्यावर इंजिन बोंबललं.

"झडप गरम झाली की अडकते," मिस्त्री म्हणाला. "मी जातो तेव्हा थंड असते, तू बसतोस तोवर तापलेली." त्याने झडप पुन्हा खोलली. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी थंड गाडीत आधी दादाला बसवलं, तरी तेच. मागाहून मिस्त्री तीच तापलेली गाडी घेऊन शीळ घालत वर गेला.

तो खाली आला, तेव्हा त्याची शीळ बंद झाली होती. "मी हात टेकले रे बाबा," तो म्हणाला.

दादाने पट्टीकडे बोट केलं, पण हसला नाही. "म्हणजे खोट गाडीत नाही. माझ्यात आहे."

"तसं कोण म्हणतंय?"

"लंगडी म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी त्याने परवाना पाकिटात घालून वहिनीच्या हातात दिला. "कचेरीत नेऊन दे. मला तिथे जायचं नाही." आणि खुर्ची खिडकीपासून आतल्या खोलीत घेतली, म्हणजे गाड्यांचा आवाजही नको.

वहिनी पाकीट घेऊन माझ्या दुकानात आली. "वन्सं, मी हे देणार नाही. महिना संपायला सोळा दिवस आहेत. तोवर पिठाच्या डब्यात ठेवते. तुम्ही काहीतरी करा."

मी काय करणार होते? मी सीटा शिवणारी बाई. पण हातातलं काम तर होतंच. मागच्या सीटचं पोट उसवताना कुजलेल्या भरणात घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग सापडलं होतं. ते द्यायला मी त्याच्या बायकोकडे गेले. म्हातारीने भिंग पदराला पुसलं, स्वतःच्या डोळ्याला लावून मला बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या नाकावर तीळ आहे गं."

निघताना मी सहज म्हटलं, "गाडीतलं त्यांचं वाक्य फार चांगलं आहे हो. धीर देणारं."

"कसलं वाक्य?"

"चढावर हात टेकू नये."

म्हातारी खोकला येईपर्यंत हसली. "आमचे हे आणि धीर? अगं, मला पहिली कळ आली तेव्हा हा माणूस म्हणाला, किती वाजले ते लिहून ठेव! सुविचार त्यांना ठाऊक नव्हते. यंत्राला जे लागतं तेवढंच लिहायचे. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात बघ, आत काय लिहिलंय: 'किल्ली उलटी फिरवू नये.' झालं. यापलीकडे त्यांचं साहित्य नाही."

मी हसत परत आले. तरी डोक्यात काही पेटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात एक नवी बाई कामाला लागली. तिची शिवण वेडीवाकडी जात होती. मी तिच्यामागे उभी राहून नेहमीसारखी ओरडले, "अगं, कापडावर हात टेकू नकोस! हलकाच ठेव, मशीन आपलं आपण ओढतं."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं. वीस वर्षं नवीन येणाऱ्या प्रत्येक बाईला मी हेच सांगत होते. हात टेकू नकोस. त्यात हार नाही, जीत नाही. हात. टेकू. नये. मी भिंतीपलीकडे धावले, लंगडीचं दार उघडलं आणि पट्टीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत स्वतः वाचलं. मिस्त्रीने झटकन वाचलं होतं, म्हणून त्याला अर्थ दिसला. मला शब्द दिसले.

पण खात्री करायची होती. दादाला गाडीत बसवणं सोपं नव्हतं. मी त्याच्या खोलीत जाऊन म्हटलं, "सीटचं नवं भरण घातलंय. तुझ्या वजनाला बसतं का बघायचंय. दुसऱ्या कुणाचं एवढं वजन नाही."

"मिस्त्रीला बसव."

"मिस्त्री म्हणजे छत्रीची काडी. चल, ऊठ."

नाखुशीने आला. मी त्याच्या शेजारी बसले, मिस्त्री मागे. "आता बसलाच आहेस, तर टाकीपर्यंत जाऊन येऊ," मी म्हटलं. दादाने माझ्याकडे संशयाने बघितलं, पण चाकावर हात गेल्यावर त्याला राहवेना.

मी रस्ता बघितलाच नाही. मी त्याचा डावा हात बघत होते. चढ लागला. दुसरा गियर पडला. दादाने समोर पट्टीकडे बघितलं, दात आवळले, आणि त्याचा तळवा गियरच्या गोळ्यावर जाऊन बसला. नुसता बसला नाही, दाबून बसला. इंजिन बोंबललं.

मी त्याचं मनगट धरून हात वर उचलला. लंगडीला मागून कुणी धक्का दिल्यासारखी ती पुढे उडाली.

"सोड! काय करतेस?"

"तू सोड! तू टेकतोयस!"

"मी कुठे काय..." म्हणता म्हणता आम्ही माथ्यावर पोचलो होतो. दादाने गाडी थांबवली आणि स्वतःचा डावा हात उलटासुलटा करून बघितला. जणू तो दुसऱ्या कुणाचा हात त्याच्याकडे ठेवायला दिला होता.

"ट्रकचा तिसरा गियर," तो हळूच म्हणाला. "चढाला निसटायचा. मागे काचा. सव्वीस वर्षं दाबून धरलाय मी. मला तर कळतही नाही मी धरतो ते."

मिस्त्रीने मागे कपाळावर हात मारून घेतला. दांडी हलली की तार जुळते, हे त्याला ठाऊक होतं. नुसत्या तळव्याच्या भाराने जुळते, हे नव्हतं. तो स्वतः दोन्ही हात चाकावर ठेवून नवशिक्यासारखा चालवायचा, म्हणून त्याच्या हाती ती नीट चढायची. "चार वेळा पोट फाडलं मी त्या झडपेचं," तो म्हणाला. "तिचा काही गुन्हा नव्हता गं ताई!"

"आणि ही पट्टी," दादा म्हणाला. "ती वाचून मी आणखी जोर करत होतो!"

मग तो हसायला लागला. गाडी हलेपर्यंत हसला. पाय गेल्यापासून त्याचं ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

कळलं म्हणून सवय सुटत नाही. पुढच्या चढाला हात पुन्हा गोळ्यावर. शेवटी मी काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा कापून गोळ्याला टोपी शिवली, खरखरीत बाजू बाहेर. गियर टाकायला दोन बोटं पुरत, पण तळवा टेकला की काथ्या टोचायचा. रोज सकाळी आम्ही टाकीच्या चढावर जायचो आणि दादाच्या तोंडून नव्या नव्या शिव्या निघायच्या. पाचव्या दिवशी तो नुसता हात नेऊन मागे घ्यायला लागला. नवव्या दिवशी हात निघालाच नाही. घरी येऊन त्याने खुर्ची पुन्हा खिडकीपाशी ओढली आणि जाणाऱ्या एका गाडीवर ओरडला, "तिसरा टाक की, मुहूर्त बघतोस का!"

वहिनीने पिठाच्या डब्यातून पाकीट काढलं आणि पदराने झटकलं.

परीक्षेला काथ्याची टोपी काढून ठेवली. तोच तपासनीस, तेच चावलेलं टोपण. मी मागे बसले आणि देवाचं नाव घ्यायचं सोडून दादाच्या हाताकडे बघत बसले. चढ आला. निम्म्यावर दादा थांबला. निघाला. दुसरा पडला. हात उचलून चाकावर गेला, आणि माझा श्वास सुटतो न सुटतो तोच इंजिन बोंबललं!

दादाचे दोन्ही हात चाकावर होते. मी पुढे वाकले. तपासनीस मागच्या वेळच्या घसरणीला घाबरला असावा. आधाराला म्हणून त्याने स्वतःचा उजवा हात गियरच्या गोळ्यावर घट्ट टेकला होता.

दादाने एका क्षणात त्याच्या हातावर चापट मारली. चांगली सणसणीत.

"साहेब, चढावर हात टेकू नये!"

तपासनीसाचा हात उडाला, क्लचने धरलं, आणि लंगडी गुरगुरत थेट माथ्यावर गेली. टाकीपाशी दादाने ती अशी अलगद थांबवली, की मागे काचा असत्या तरी वाजल्या नसत्या.

मला वाटलं, संपलं. सरकारी हाताला मारलं म्हणजे परवाना जातोच, वर आणखी काही चिकटतं की काय.

"मी कुठे हात टेकले?" तपासनीस दुखावल्यासारखा म्हणाला. "मी तर उलट तुम्ही पास व्हावं म्हणून बसलोय."

"तसं नाही साहेब. हे वाचा. जसं लिहिलंय तसं वाचा." दादाने पट्टी दाखवली, मग गोळा दाखवला, मग एका बोटाने गोळा दाबला. बॉनेटखाली डबा 'फुस्स' झाला.

तपासनीसाने स्वतः बोट लावून बघितलं. फुस्स. पुन्हा लावलं. फुस्स. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू आलं होतं. "म्हणजे मघाशी गाडी मी सोडली?"

"हो."

"आणि तुम्ही मला सोडवलंत." त्याने टोपण तोंडातून काढून पेनाला लावलं, मग आठवण झाली तसं परत काढलं आणि लिहायला लागला. मी मागून डोकावून अक्षरं लावली. उत्तीर्ण. दोन पेडलांची गाडी चालवण्यास योग्य. शेऱ्याच्या रकान्यात पुढे लिहिलं होतं: चढावर अडथळा आला असता चालकाने तो तत्परतेने दूर केला.

उतारावरून येताना दादाने खिडकी उघडली आणि हॉर्न दाबून धरला, तो गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलाच नाही. मिस्त्री गॅरेजमधून पाना घेऊन धावत बाहेर आला. वहिनी दोन्ही जुळी दोन्ही काखेत घेऊन दारात उभी होती. लेक तिच्यामागे. दादाने सगळ्यांना कोंबून भरलं. मिस्त्री फूटबोर्डवर उभा राहिला, आणि लंगडी एवढं सगळं ओझं घेऊन टाकीच्या चढावर तीनदा गेली आणि तीनदा आली.

पुढे दादाने एकोणीस वर्षं ती गाडी चालवली. जुळ्यांना शाळेत सोडलं, माझं सामान पोचवलं, आणि शेजारी जो बसेल त्याला हात मांडीवर ठेवायला लावला. पडदा मी तीनदा नवा केला. झडपेला मिस्त्रीने पुन्हा हात लावला नाही.

मिस्त्री वारला, तेव्हा जुळी अठरा वर्षांची होती. दादा वारला तो जुळ्यांच्या एकविसाव्या वर्षी, नोव्हेंबरच्या सहा तारखेला, गुरुवारी सकाळी, घरी, झोपेत.